मेळावा आणि रांग

एखाद्या चित्रकाराचे फसलेले चित्र दिसले की आम्ही सहसा पान उलटतो. त्यावर लेख लिहावयास बसत नाही. परंतु आंजेय व्रुब्लेव्स्की ह्या पोलिश चित्रकाराच्या कामाच्या छापील प्रतिकृती गेले काही आठवडे आमच्या मेजावर आहेत, आणि त्यांतील फसलेल्या चित्रांपाशीच आम्ही पुनःपुन्हा अडखळलो आहोत. १९५१ साली त्याने ‘पश्चिम बर्लिनमधील तरुणांचा मेळावा’ ह्या विषयावर एक चित्र केले. कर्त्याचे नाव झाकले तर ते त्या काळच्या शेकडो चित्रांत सहज मिसळून जाईल. आणि त्याच्या अवघी दोन वर्षे आधी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ह्याच मनुष्याने गोळ्या घालून मारल्या जाणाऱ्या माणसांची जी चित्रमाला रंगविली, तिच्यातील कोणतेही चित्र एकदा पाहिले म्हणजे कर्त्याचे नाव विसरता येत नाही. एकाच हाताची ही दोन कामे. मध्ये दोन वर्षांचे अंतर. हे कसे घडले असावे ह्याचा विचार करण्यासाठीच हा लेख आहे. मूळ चित्रे पाहण्याचा योग आम्हांस आलेला नाही. तेव्हा रंगांविषयी आम्ही जे म्हणू त्यातून छापखान्याच्या शाईचा दोष वजा करूनच वाचकांनी ते घ्यावे.

प्रथम मेळाव्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकांस ते ठाऊक असण्याचा संभव कमी. दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ च्या नोव्हेंबरात, लोकशाहीवादी तरुणांचा जागतिक संघ लंडन येथे स्थापन झाला. १९४७ साली प्राग येथे तरुणांचा व विद्यार्थ्यांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. पुढे बुडापेस्ट, पूर्व बर्लिन, बुखारेस्ट, वॉर्सा, मॉस्को असे दर दोन वर्षांनी हे महोत्सव होत गेले. त्यांच्या पाठीशी सोव्हिएत सत्ता होती, पैसा बहुतांशी तिकडचा होता आणि हेतूही तिकडचा होता, हे आता कोणी लपवीत नाही. तथापि तेवढ्यावरून हे सारे ढोंग होते असे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ज्या मुलांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी बॉम्ब पडताना पाहिले, त्यांनी विसाव्या वर्षी शंभर देशांच्या मुलांचे हात हातांत घेऊन शांततेची गाणी म्हटली, तर त्या गाण्यात काही तरी खरे असणारच. १९५१ च्या बर्लिन महोत्सवासाठी पिकासोने रुमालाकरिता एक चित्र काढून दिले. चार वर्णांची चार मुखे आणि मध्ये कबुतर. पिकासोच्या कीर्तीच्या मानाने काम हलके आहे, पण त्यात खोटेपणा दिसत नाही. त्याच महोत्सवात, ऑगस्टच्या पंधरा तारखेस, पूर्व जर्मनीच्या तरुणसंघाची निळ्या सदऱ्यांतील मुले हद्द ओलांडून शहराच्या पश्चिम भागात शिरली आणि तेथील पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतली. ज्यास चित्र काढावयाचे त्यास विषयाची वाण नव्हती.

व्रुब्लेव्स्की १९२७ साली विल्नो येथे जन्मला. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होते. आज ते लिथुएनियाची राजधानी व्हिल्नियस म्हणून ओळखले जाते. वडील तेथील विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, आई लाकडी ठशांवर काम करणारी चित्रकर्ती. १९४१ साली जर्मन शिपाई घराची झडती घेण्यास आले असता, ती झडती चालू असतानाच, वडिलांचे हृदय बंद पडले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. १९४५ नंतर सीमा सरकल्या, विल्नो गेले, आणि हे कुटुंब क्राकूव येथे आले. तेथे त्याने कलाशाळेत चित्रकला आणि विद्यापीठात कलेचा इतिहास अशा दोन्ही शिक्षणांस एकदमच आरंभ केला.

क्राकूवच्या कलाशाळेतील गुरुवर्ग फ्रेंच रंगकलेचा उपासक होता. फुलदाणी, खिडकी, फळे, उघड्या पाठीवर पडलेला प्रकाश. रंगांच्या छटा एकमेकींत किती नाजूकपणे मिसळतात ह्यातच कलेची परमावधी. शहराबाहेर थोड्याच अंतरावर आउश्विट्झ आहे, आणि वर्गात आपण फळे रंगवीत आहोत, हे ह्या विद्यार्थ्यास सहन होईना. १९४८ साली त्याने काही मित्रांसह ‘स्वयंशिक्षण’ नावाचा गट काढला. त्यात आंजेय वायदा होता. हाच वायदा पुढे कुंचला टाकून चित्रपटांकडे वळला, आणि त्या निर्णयास व्रुब्लेव्स्कीची चित्रे कारण झाली असे त्याने स्वतः सांगितले आहे. ह्या गटाची मागणी साधी होती: चित्र रस्त्यावरच्या माणसास वाचता आले पाहिजे, आणि जे घडले ते त्यात आले पाहिजे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोलंडच्या राज्यकर्त्यांनी समाजवादी वास्तववादाचा हुकूम सोडला तो १९४९ साली. ह्या पोराने ती वाट त्याच्या आधीच, आपल्या पायांनी धरली होती.

आणि मग ते १९४९ साल. ‘गोळीबार’ ह्या नावाने ओळखली जाणारी आठ चित्रे, आणि त्यांच्या आगेमागे मारलेल्या आया, मारलेली मुले, मारलेले नवरे. माणसे जवळजवळ जिवंत माणसाच्या मापाची, आपल्याकडे तोंड करून उभी. अंगात रोजचे कोट, रोजच्या विजारी. मागे देखावा जवळजवळ नाहीच. चौकट निर्दयपणे कोठेही तोडते; शरीर जेथे संपावयास हवे त्याच्या आधीच चित्र संपते. जिवंत माणसांस त्वचेचा रंग आहे, मेलेल्यांस निळा. ह्यापलीकडे काही खूण नाही, रक्ताची थारोळी नाहीत, आकाशाकडे उंचावलेले हात नाहीत. मूल आईस बिलगले आहे; आई निळी आहे; एवढ्याने सर्व समजते. मालेतील आठव्या चित्रात तर जणू एकाच माणसाचे मरण क्षणाक्षणाने मांडले आहे: तो उभा आहे, तो पिळवटतो, त्याचे धड पायांशी जुळत नाही, तो तुटतो. गुडघे कोठे, छाती कोठे, कापड मात्र तसेच, घडीसुद्धा न मोडलेले. मृत्यूचे हे व्याकरण आम्ही दुसरीकडे पाहिले नाही. गोयाचे ‘तीन मे’ येथे आठवल्याशिवाय राहत नाही. पण गोयाने मारणाऱ्यांची रांगही दाखविली आहे, कंदील दाखविला आहे, मरणाऱ्याचा सदरा शुभ्र केला आहे. व्रुब्लेव्स्कीच्या ह्या मालेत बहुधा मारणारे चित्रात नाहीतच. ते कोठे असावेत? माणसे ज्या दिशेने पाहत आहेत तेथे, म्हणजे जेथे आपण उभे आहोत तेथे.

मर्ढेकरांनी कलेच्या घटनेत संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मानली होती. त्यांतील विरोधाचे इतके उघडे, इतके अल्पसाधन उदाहरण शोधून सापडणार नाही: एक रंग जिवंतांचा, एक रंग मेलेल्यांचा, बस्स. मर्ढेकर ह्या चित्रांपुढे उभे राहते तर त्यांनी काय म्हटले असते ह्याचा विचार आमच्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. भावनेची मात्रा त्यांस जास्त वाटली असती की काय, कोण जाणे.

अशा चित्रकाराने पुढे मेळावे, मिरवणुका आणि कामगारांचे समाधान रंगवावयास घेतले आणि त्याचा हात गळाला. ह्यावर दोन उत्तरे तयार मिळतात. एक असे की, त्यास सरकारने भाग पाडले. हे उत्तर आम्ही वर सांगितलेल्या हकीकतीशी जुळत नाही. त्यास ढकलावे लागले नाही, तो पुढे धावत गेला. दुसरे उत्तर असे की, कलावंताने राजकीय श्रद्धा बाळगली की कला मरते. हे तर आमच्या मध्यमवर्गीय घरांत सुभाषितासारखे बोलले जाते. पण ‘गोळीबारा’ची चित्रे रंगविताना त्याची श्रद्धा काय कमी होती? ज्या वर्षी ती चित्रे झाली त्याच वर्षी तो पक्षाच्या कार्यक्रमाचा उत्साही पुरस्कर्ता होता. श्रद्धा तीच, माणूस तोच, फळ निराळे.

मराठी वाचकास ह्या ठिकाणी एक जुना वाद आठवेल. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, ह्यावर आपल्याकडे फडके आणि खांडेकर ह्यांच्या नावाने जी लढाई झाली तिने दोन पिढ्यांची मासिके भरून गेली. लालजी पेंडशांनी १९३५ साली ‘साहित्य आणि समाजजीवन’ लिहून तिसऱ्याच बाजूने तोफ डागली होती. मौजेची गोष्ट अशी की ह्या लढाईचे दोन्ही सेनापती एकाच गावी राहत होते. फडके कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि १९३८ पासून खांडेकरही शिरोडे सोडून कोल्हापुरास आले होते. आणि त्याच कोल्हापूरपासून काही मैलांवर, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. पोलंडच्या पूर्वेकडील प्रांतांतून, म्हणजे विल्नो व ल्वूफ ह्यांच्या आसपासच्या मुलखांतून, १९४० व ४१ साली सोव्हिएत सैन्याने त्यांस उचलून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेले होते. तेथून सुटून इराणमार्गे ती मुंबईस उतरली आणि कोल्हापूर संस्थानच्या आश्रयास आली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, देवालय होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी लोक आले, आणि आज त्या जागेस गांधीनगर म्हणतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकावर फुले वाहिली तेव्हा पुष्कळांस ही गोष्ट प्रथमच कळली.

हे येथे सांगण्याचे कारण असे. व्रुब्लेव्स्कीच्या गावच्या परिसरातली मुले पश्चिमेस न जाता पूर्वेस फेकली गेली ती पंचगंगेच्या काठी येऊन वाढली. त्यांच्या दृष्टीने सोव्हिएत सत्ता म्हणजे रात्री दार ठोठावून आगगाडीत कोंबणारी सत्ता. व्रुब्लेव्स्कीच्या दृष्टीने तीच सत्ता म्हणजे त्याच्या वडिलांच्या घरात शिरलेल्यांस हुसकून लावणारी. एकाच प्रदेशातील, एकाच वयाची ही दोन मुले समोरासमोर बसविली तर कलेने जीवनाची सेवा करावी एवढे म्हणून भागत नाही. कोणाचे जीवन, हा प्रश्न लगेच उठतो. आमचे दोन्ही सेनापती त्या प्रश्नापर्यंत पोहोचले नाहीत, असे आम्ही अत्यंत आदराने म्हणू.

मग हात गळाला तो कशाने? आमचा तर्क आम्ही सरळ सांगतो. ‘गोळीबारा’च्या चित्रांत जे सर्वांत महत्त्वाचे ते चित्रात नाही. मारणारे नाहीत, हुकूम नाही, कारण नाही. त्या पोकळीसमोर माणसे उभी आहेत, आणि तिच्यामुळेच त्यांच्या कोटाची घडीसुद्धा आपणांस वाचावी लागते. मेळाव्याच्या चित्रात अशी जागाच शिल्लक राहत नाही. झेंडा आहे, घोषणा आहे, शत्रू आहे, विजयही ठरलेला आहे. सर्व सांगून झाल्यावर माणसांनी करावयाचे ते काय? त्यांनी फक्त उदाहरण म्हणून उभे राहावयाचे. व्रुब्लेव्स्कीस उदाहरणे रंगविता येत नसत. त्यास कशाची तरी वाट पाहत असलेली, ज्यांच्या हाती काही उरले नाही अशी माणसे रंगविता येत. हे त्याच्या प्रतिभेचे वळण होते, आणि त्या वळणाविरुद्ध त्याने तीन-चार वर्षे प्रामाणिकपणे स्वतःस हाकलले. प्रामाणिकपणाचे असेही एक संकट असते.

भर मेळाव्यातही काही न सांगता सोडून देण्याची एक युक्ती मात्र आहे, ती म्हणजे भराभर केलेले रेखाटन. ह्या कामी दुसरा एक पोल जगप्रसिद्ध होता. फेलिक्स टोपोल्स्की वॉर्साचाच, परंतु १९३५ पासून लंडनवासी. युद्धकाळात हिंदुस्थानासह तीन खंड हिंडून त्याने रेखाटने केली, आणि त्याने काढलेली गांधीजींची चित्रे आपल्याकडील पुष्कळांस परिचित आहेत. १९४८ च्या ऑगस्टमध्ये व्रोत्स्वाफ येथे जगातील विचारवंतांचा शांततेसाठी मोठा मेळावा भरला. पिकासो आला, एल्युआर आला, आपल्याकडून मुल्कराज आनंद गेले. रशियाच्या फाद्येयेव्हने पाश्चात्त्य लेखकांस अशा काही शिव्या दिल्या की अध्यक्षस्थानी असलेला ज्यूलियन हक्स्ली मेळावा पुरा होण्याआधीच निघून गेला. टोपोल्स्की तेथे प्रतिनिधी होता, आणि पुढच्या वर्षी त्याने लंडनहून ‘एका परिषद-प्रतिनिधीचा कबुलीजबाब’ ह्या अर्थाच्या नावाचे पुस्तक आपल्या रेखाटनांसह काढले. टोपोल्स्कीची रेघ थांबत नाही. ती एकाच नाकाभोवती चार वेळा फिरते, मधूनच हात विसरते, गर्दीस गर्दीच ठेवते. सभेतली हालचाल, खुर्च्यांची कुरकुर, भाषण लांबले म्हणजे माना कशा कलतात, हे असल्या रेघेस आपोआप साधते. तिला निष्कर्ष काढावयाचा नसतो. पण आम्हांस ती रेघ फार वेळ पुरत नाही. १९४५ साली बेल्सेनची छावणी ज्या झपाट्याने काढली त्याच झपाट्याने पुढे इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक काढला, आणि दोन्हीकडे रेघ तेवढीच खुशीत नाचते. पाहणाऱ्याची नजर चपळ असली तरी तिच्यावर कशाचाही ओरखडा उठत नसेल तर काय उपयोग? व्रुब्लेव्स्कीचे वाईट चित्रही ह्या बाबतीत आम्हांस अधिक जवळचे वाटते. तेथे निदान एक मनुष्य चुकतो आहे.

चुकण्याच्या ह्या काळातले त्याचे जे चित्र आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावते ते मेळाव्याचे नाही. १९५४ च्या सुमारास त्याने नोवा हुता येथील कामगारांची, पाळी संपल्याच्या वेळेची, चित्रे केली. नोवा हुता म्हणजे ‘नवा पोलाद कारखाना’. क्राकूवच्या शेजारी मोगिवा ह्या खेड्याच्या सुपीक जमिनीवर १९४९ पासून हे संपूर्ण नवे शहर उभारण्यात आले. रुंद रस्ते, ठरावीक मापाच्या इमारती, मध्ये चौक. आम्ही ज्या नगरात बसून हे लिहीत आहोत तेही कागदावर आधी आणि जमिनीवर मागाहून आलेले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांची खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ ह्या नियतकालिकाच्या अंकातून लोकांपुढे आली, आणि त्या ‘मार्ग’चे संपादक व्रोत्स्वाफला जाऊन आलेले मुल्कराज आनंदच. १९७० साली सिडको स्थापन झाली. पंचाण्णव गावांची जमीन त्यात आली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. आमच्या येथील विभागांस क्रमांक आहेत, आणि पन्नाशी उलटून गेली तरी शहराच्या नावातले ‘नवी’ गेलेले नाही. तेव्हा नोवा हुताचे चित्र पाहताना आमच्या डोळ्यांस एक गोष्ट टोचते जी क्राकूवच्या रसिकास कदाचित टोचणार नाही: ह्या लोकांच्या पायांखाली कालपर्यंत कोणाचे शेत होते? चित्रकाराने ते विचारलेले नाही. कामावरून सुटलेल्या माणसांस घरी जाण्याआधी जो एक रिकामा क्षण मिळतो तो मात्र त्याने ओझरता पकडला आहे, आणि तेवढ्या पुरता तो पुन्हा जागा झाल्यासारखा वाटतो.

१९५५ साली महोत्सव खुद्द वॉर्सास आला. जुलैच्या एकतीस तारखेस आरंभ. शंभराहून अधिक देशांतील तीस हजारांच्या जवळपास तरुण पाहुणे. अकरा वर्षांपूर्वी ऑगस्टच्या एक तारखेस ह्याच शहराने जर्मनांविरुद्ध बंड पुकारले होते. त्रेसष्ट दिवसांनी ते चिरडले गेले आणि मग शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त करण्यात आले. म्हणजे नाचगाण्यांचा दुसरा दिवस हाच त्या बंडाचा स्मरणदिन. महोत्सवासाठी जे प्रचंड क्रीडांगण त्या जुलैत खुले झाले त्याचे बांध वॉर्साच्या ढिगाऱ्याच्या मातीविटांचे होते. तीस हजार तरुण पडलेल्या घरांवर बसून टाळ्या वाजवीत होते असे म्हटले तर त्यात अलंकार नाही.

ह्याच महोत्सवाच्या निमित्ताने तरुण पोलिश चित्रकारांचे एक प्रदर्शन जुन्या शस्त्रागारात, म्हणजे ‘आर्सेनाल’मध्ये, भरविण्यात आले. शीर्षक सरकारमान्य: ‘युद्धाविरुद्ध, फॅसिझमविरुद्ध’. जागा मात्र मोठी बोलकी. ह्याच इमारतीजवळ १९४३ च्या मार्चमध्ये बालवीरांच्या गुप्त पथकातील विशीच्या आसपासच्या पोरांनी गेस्टापोची गाडी अडवून आपल्या मित्रास सोडविले होते, आणि छळाने मोडलेला तो मित्र चारच दिवसांनी वारला. अशा ठिकाणी पाहुण्यांस कबुतरे पाहावयास मिळतील अशी व्यवस्थापकांची अपेक्षा असेल तर ती फसली. मारेक ओबरलेंडरच्या चित्रात कपाळावर ज्यू तारा डागलेली माणसे होती. स्वतः छावण्यांतून वाचून आलेल्या इझाक त्सेलनिकिएरने ज्यू वस्तीचे मरण मांडले होते. आणि व्रुब्लेव्स्कीच्या चित्रात मुलांना कुशीत घेतलेल्या आया होत्या. सर्वच चित्रे चांगली होती असे कोणी म्हणत नाही. पुष्कळांचा रंग चिखलासारखा, रेघ आक्रस्ताळी. परंतु उत्सवाच्या यजमानांनीच मांडलेल्या पाटावर ह्या मुलांनी घरातील सुतक आणून ठेवले. आपल्या शहराच्या मेळाव्याचे खरे चित्र त्यांनी मेळावा न काढता काढले, असे आम्हांस वाटते. पोलंडच्या कलेतील समाजवादी वास्तववादाचा अंमल तेथून ओसरू लागला असे तेथील इतिहासकार मानतात, ते योग्यच आहे.

व्रुब्लेव्स्कीस ह्यानंतर दोन वर्षांहूनही कमी आयुष्य मिळाले, आणि त्यात त्याने जे केले ते पाहून मन थक्क होते. बरेचसे काम कागदावर, पाण्यात कालवलेल्या दाट रंगांनी, झपाट्याने. तैलचित्रे थोडी. त्यांत १९५६ सालचे ‘प्रतीक्षागृह’ आहे, ज्यास ‘रांग चालूच आहे’ असेही नाव आहे. माणसे ओळीने बसली आहेत. रांग कशाची, पुढे खिडकी आहे की दार, कोण बोलावणार, हे चित्रात सांगितलेले नाही. ‘गोळीबारा’तील ओळ आठवा. तीच ओळ आहे. फक्त उभी होती ती बसली आहे, आणि बंदुकीच्या जागी कचेरी आली आहे. ती कचेरीही चित्राबाहेर, पुन्हा आपण आहोत तेथेच. ह्याच्या जोडीच्या दुसऱ्या चित्रात बसलेल्या बाईचे खुर्चीशी असे काही एकजीव होणे दाखविले आहे की बाई कोठे संपते आणि लाकूड कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. चित्रकाराने त्यास शब्दही नवा घडविला. मराठीत ‘खुर्चीभूत’ म्हणावे लागेल. हसू येते, आणि लगेच जाते. एका सरकारी कचेरीच्या बाकावर, हातात क्रमांकाची चिठ्ठी घेऊन, आम्ही स्वतः एकदा दुपारचे चार तास काढले आहेत. शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा एक हात बाकाच्या दांड्यावर असा स्थिरावला होता की तो त्यांनी पुन्हा उचलला की नाही हे आता आठवत नाही.

हे चित्र समाजवादी राज्यावरील टीका म्हणून वाचण्याची प्रथा आहे, आणि त्या देशात रांगेचा अर्थ काय होता ते पाहता ती प्रथा चुकीची नाही. पण आम्हांस त्यात पश्चात्ताप दिसत नाही. मेळाव्यात गेलेलीच ही माणसे आहेत. त्यांनी झेंडे धरले, गाणी म्हटली, आणि आता ती बसली आहेत. चित्रकार त्यांच्यावर रागावलेला नाही. किंबहुना मेळाव्याच्या चित्रात त्याने ज्यांचे चेहरे नीट पाहिले नव्हते त्यांस तो आता सवडीने पाहत आहे. हातांकडे पाहावे. प्रत्येकीचा हात निराळ्या तऱ्हेने रिकामा आहे.

१९५७ च्या मार्चच्या तेवीस तारखेस तात्रा पर्वतात एकटाच फिरावयास गेला असता व्रुब्लेव्स्की वारला. तिसावे वर्ष त्यास लागले होते, पुरे झाले नव्हते. कापडाच्या टंचाईमुळे म्हणा किंवा मागचे मागे टाकण्याच्या घाईने म्हणा, त्याने आपले कित्येक कॅनव्हास दोन्ही बाजूंनी रंगविलेले आहेत. संग्रहालयांची त्यामुळे मोठी अडचण होते; एक बाजू भिंतीस लावली की दुसरी अदृश्य. २०१५ साली वॉर्सा व माद्रिद येथे त्याच्या चित्रांचे जे प्रदर्शन झाले त्यात ह्या अडचणीसच विषय करण्यात आले, आणि २०२४ साली व्हेनिस येथेही त्याची चित्रे मांडण्यात आली. मुंबईस ती कधी आली तर आम्ही खाडी ओलांडून अवश्य जाऊ, आणि पहिल्याने तो निळा रंग पाहू. आमच्या प्रतिकृतींत तो एका पानावर आभाळासारखा व दुसऱ्यावर धुतलेल्या सदऱ्यासारखा उतरला आहे, आणि खरा कोणता ते छापील पानावरून ठरविणे शक्य नाही.